कोणतं पिवळं

२३ सप्टेंबर

आज चौथीला शाळेच्या टीव्हीवर एक व्हिडिओ दाखवला. पानं रंग बदलतात, त्याचा. परदेशातलं जंगल. डोंगरच्या डोंगर लाल आणि नारिंगी, खाली पानांचा खच.

 मग हरिओम म्हणाला, "सर, वणवा लागलाय का ओ?"

"नाही. तिकडे शरद ऋतूत पानं अशी होतात."

"आपल्याकडं कोणता ऋतू चालू हाय?"

"शरदच."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. लिंब हिरवा होता. पिंपळ हिरवा होता.

"आपल्या झाडायला सांगितलं न्हाई वाटतं कुणी," हरिओम म्हणाला.

मी हसलो. पण कारण विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो. मी मराठीचा एम. ए. आहे. पानगळीवरच्या कितीतरी कविता मला पाठ आहेत. एकीतही कारण नाही.

नऊ ऑक्टोबरला केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, सगळ्या शिक्षकांची परिषद आमच्या शाळेत आहे. नमुना पाठ मी घ्यायचा आहे. केंद्रप्रमुखांनी दुपारी फोनवर विषय विचारला, आणि मी हाच सांगून बसलो.

२४ सप्टेंबर

वाचलं. पानात हिरवा रंग असतो तसा पिवळाही असतो, पहिल्या दिवसापासून. हिरवा भरपूर असतो म्हणून पिवळा दिसत नाही. पानाचे दिवस भरले की झाड हिरवा मोडतं, त्यातलं कामाचं तेवढं खोडात ओढून घेतं. पिवळा मागे उरतो. मग देठाशी वाट बंद होते आणि पान सुटतं.

तीनदा वाचलं. बावन्न वर्षं हे माहीत नसताना गेली.

बाबा आठवले. हदगावला, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात ते पिवळे झाले होते. वय एक्कावन्न. डोक्यावर काविळीची माळ. कसल्याशा झाडाच्या हिरव्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधलेले. माळ रोज लांबते, कपाळावरून गळ्यात उतरते, तसा आजार उतरतो, असं म्हणायचे. त्यांची माळ छातीपर्यंत आली होती. भेटायला आलेले लोक आईला म्हणाले, पिकलं पान, गळायचंच.

हे इथे का लिहिलं कळत नाही. पाठाशी याचा काही संबंध नाही.

२७ सप्टेंबर

शाळेमागे आप्पासाहेबांचं सोयाबीन आहे. अर्धंअधिक पिवळं झालंय. मुलांना तिथे नेलं. बघा, म्हणालो, आपल्याकडेही पानं रंग बदलतात.

मुलांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "सर, ते पिकलंय," साक्षी म्हणाली.

आप्पासाहेब बांधावर उभे होते. "मास्तर, उन्हात कशाला काढलाव लेकरं?"

"पान पिवळं का पडतं ते शिकवतोय."

"कोणतं पिवळं?"

"म्हणजे?"

ते वाकले. एका हातात एक झाड, दुसऱ्या हातात दुसरं. "ह्ये पिकल्याचं. खालून वर जातंय, सारखं जातंय. आन् ह्ये बगा, रोगाचं. वरच्या कवळ्या पानाला, ठिपक्या-ठिपक्यानं. मोझॅक."

"दोन्ही शेवटी वाळतातच ना?"

"वाळत्यात की. पर पिकल्यालं काढायचं असतंय. रोगाचं येळंवर दिसलं तर हात मारता येतोय. फवारता येतंय, उपटता येतंय. न दिसणाऱ्याला दोन्ही एकच." मग मुलांकडे वळून म्हणाले, "तुमच्या सरला हे ठावं न्हाई बगा."

मुलांना सगळं माहीत होतं. वहीत मी एकट्याने लिहिलं.

संध्याकाळपासून हात खाजतायत. सोयाबीनची लव लागली असावी.

३० सप्टेंबर

'हिरवं' आणि 'पिवळं' या दोन शब्दांवर भागत नाही, हे मुलांच्याच ध्यानात आलं. साक्षीने आज दप्तरातून चिंध्यांचं गाठोडं काढलं. तिची आई, तुळजाबाई, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. साडीला ब्लाउजपीस जुळवून आणायला ती लातूरला जाते तेव्हा साक्षीला बरोबर नेते. या मुलीला जेवढे रंग नावाने माहीत आहेत तेवढे मला नाहीत.

सात तुकडे निवडून तिने एका पट्टीवर ओळीने टाचले. शेवाळी, मेहंदी, पोपटी, लिंबू, हळदी, खाकी, चॉकलेटी. पोपटी आधी की मेहंदी आधी, यावर हरिओम तिच्याशी पाव तास भांडला. मी मध्ये पडलो नाही. या वर्षातला माझा हा सगळ्यात चांगला तास.

मी पट्टी टेबलावर ठेवून एक पान जुळवायला गेलो तर साक्षीने ती ओढून घेतली आणि दारात नेली. "आई म्हणती, रंग उन्हात बघायचा. दुकानातल्या लाइटीत सगळंच मॅच होतंय."

दर सोमवारी पट्टी लावून बघायचं ठरलं. एक वही केली. लिंब, पिंपळ, सोयाबीन, असे तीन रकाने. नोंद साक्षी करणार.

३ ऑक्टोबर

खडूचा प्रयोग. पालकाची पानं वाटून पाण्यात कालवली, त्यात पांढरा खडू उभा केला. काही झालं नाही. नुसता हिरवा चिखल. दुपारी आरोग्य उपकेंद्रातून स्पिरिट आणलं आणि पुन्हा केलं. स्पिरिट खडूवरून हळूहळू वर चढलं. आधी हिरवा पट्टा. मग त्याच्याही वर, केसाएवढी, एक पिवळी रेघ.

"ही कुठनं आली ओ?" हरिओमने वाटी उचलून खाली पाहिलं.

"आतच होती."

साक्षीने विचारलं, "सगळ्यायच्या आत असती का?"

"सगळ्या पानांच्या."

"माणसाच्या?"

"माणूस म्हणजे पान नाही," मी म्हणालो. वर्ग हसला. ती हसली नाही. उत्तर मी फार पटकन दिलं.

खिचडी खाववली नाही. फोडणीचा वास नको वाटतो. शाळेत खिचडी करणाऱ्या गुणाबाई म्हणाल्या, "दोन दिस झाले ताट तसंच ठिवलाव. आमच्या हाताला चव न्हाई का काय?" चव आहे म्हणालो. उजव्या बरगडीखाली दुखतं, ते पाठीत खांद्यापर्यंत जातं. रेणापूरच्या रस्त्यावर रोज मोटारसायकल आदळते, त्याचं असावं.

६ ऑक्टोबर

रविवार. आजही नांदेडला गेलो नाही. पंचशीला, माझी बायको, तिथे आहे, विष्णुपुरीच्या कॉलेजात ग्रंथालयात. मी सहा वर्षांपासून इकडे. बदलीच्या यादीत दरवर्षी नाव असतं आणि यादी तिथेच थांबते.

फोनवर म्हणाली, "तीन आठवडे झाले. तुमचा चेहरा आठवावा लागतो आता."

"पाठ झाला की येतो. धम्मचक्र दिनाला घरीच असेन."

"आवाज खोल गेलाय तुमचा."

"खडूची धूळ."

पांढरे बनियन पिवळट दिसतायत. दोनदा धुतले, तसेच. साबण बदलला. लघवी काळ्या चहासारखी होते. ऑक्टोबरचं ऊन, आणि मी पाणी कमी पितो. हातांची खाज अंगभर गेलीय. सोयाबीन परवाच काढून झालं, लव मात्र जात नाही.

९ ऑक्टोबर

पाठ झाला. अठरा शिक्षक मागच्या भिंतीला बसले होते. खडूवर पिवळी रेघ उमटली तेव्हा दोघीतिघी उठून पुढे आल्या. हरिओमने त्यांना पिकल्याचं आणि रोगाचं असे दोन्ही पिवळे समजावून सांगितले. केंद्रप्रमुखांनी मान डोलावली.

शेवटी मी वर्गाला विचारलं, "या पट्टीने आणखी काय काय बघता येईल?"

साक्षी उठली. पट्टी घेऊन माझ्यापाशी आली. "सर, जरा वाकता का?"

मी वाकलो. तिने खांद्याला धरून मला खिडकीकडे वळवलं आणि पट्टी माझ्या डोळ्याशेजारी लावली. एकेक तुकडा सरकवत गेली. मग थांबली.

"लिंबू," ती म्हणाली. "सर, तुमचे डोळे लिंबू झालेत."

मागची भिंत हसली. केंद्रप्रमुख म्हणाले, "पानगळ जवळ आली म्हणा की, सर!" पुन्हा हशा.

"जागेवर बस," मी म्हणालो. माझा तसा आवाज या मुलांनी कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता. ती बसली. पट्टी तिने मुठीत घट्ट दाबून धरली होती.

खोलीवर आल्यावर दिवा लावून आरशात पाहिलं. नेहमीसारखंच. बल्ब जुना आहे, भिंत पिवळी दिसते, आरसाही. डोळ्यांत वेगळं काही नाही.

पाठ चांगला झाला. त्या आवाजाची मात्र लाज वाटते. उद्या तिची माफी मागायची. दुपारपासून थंडी वाजतेय. दोन चादरी घेतल्या.

१० ऑक्टोबर

सकाळी मोटारसायकल काढताना तुळजाबाईंचं बोलणं आठवलं. रंग उन्हात बघायचा. गाडीचा आरसा वळवून पाहिलं.

लिंबू. कडेला हळदी.

तरीही शाळेत गेलो. सवयीने. गुणाबाईंनी चुलीवरून मान वर केली आणि म्हणाल्या, "आगं बया. कावीळ झाली की तुमाला. आन् आमी खिचडीला नावं ठिवलो." पातेलं तसंच ठेवून त्या निघून गेल्या. तीन तासांनी परत आल्या, पदर घामाने भिजलेला. हातात माळ. दोन कोसांवरच्या वस्तीवर जाऊन आणली होती.

हिरव्या काड्यांचे तुकडे. मी बाबांनंतर ती माळ पाहिली नव्हती. दोन्ही हातांनी घेतली.

"आभारी आहे."

"आभार कशाला मानायलाव? घाला."

"घालतो," म्हणालो, आणि पिशवीत ठेवली.

वर्गात साक्षीला म्हणालो, काल माझं चुकलं. तिला त्याचं काही नव्हतं. ती दुसऱ्याच विचारात होती.

"सर, तुमचं कोणतं पिवळं?"

मला कळलं होतं. तरी विचारलं, "म्हणजे?"

"पिकल्याचं का रोगाचं?"

सगळे माझे डोळे बघत होते. हरिओमसुद्धा.

"माहीत नाही."

"रोगाचं असलं तर बरं," ती म्हणाली. "हात मारता येतोय."

बाबा सहा आठवडे पिवळे होते. तेवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजात शिकत होतो. मीही विचारला नाही.

आप्पासाहेबांनी जीप काढली आहे. ते बाहेर हॉर्न वाजवतायत. अंगात हुडहुडी आहे, अक्षर हलतंय.

१२ ऑक्टोबर, लातूर

पडून लिहितोय. पंचशीला काल पहिल्या गाडीने आली. दारात उभी राहून बराच वेळ बघत राहिली. "तीन आठवडे," एवढंच म्हणाली. मग पिशवीतून माझे कपडे काढून घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. वर जंतुसंसर्ग, म्हणून थंडीताप. डॉक्टर तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. "आणखी दोन दिवस काढले असते, तर विष रक्तात गेलं असतं. मग आम्ही फार काही करू शकलो नसतो." उद्या तोंडातून दुर्बीण घालून खडा काढणार.

मी त्यांना विचारलं, हा पिवळा रंग येतो कुठून?

"तो रोजच तयार होतो. सगळ्यांच्याच शरीरात. पित्तावाटे निघून जातो, म्हणून दिसत नाही. तुमची वाट बंद झाली होती."

म्हणजे तीन तारखेला मी चुकीचं सांगितलं. माणसाच्याही आत असतो. शाळेत गेल्यावर दुरुस्त करायचं.

"पहिल्यांदा लक्षात कुणाच्या आलं?" त्यांनी पंचशीलाकडे पाहून विचारलं. पंचशीलाने माझ्याकडे पाहिलं.

"एका मुलीच्या," मी म्हणालो. "चौथीतल्या."

भीती वाटते. हे इथेच लिहितो, तिला सांगत नाही. तिला माहीत आहे.

१५ ऑक्टोबर

खडा निघाला. ताप नाही. सकाळी दोन चमचे भात खाल्ला आणि भात गोड लागला.

अकराला शाळेत फोन लावला. साक्षीला द्या म्हणालो.

"साक्षी, रोगाचं होतं."

 मग फोन तोंडापासून लांब धरून ती ओरडली, "ए, रोगाचं हाय रे! सरचं रोगाचं हाय!" आणि अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाकं बडवल्याचा आवाज आला. हरिओम शिट्टी मारत होता.

सलाइन बदलणाऱ्या सिस्टरनी विचारलं, काय झालं? मी सांगायचा प्रयत्न केला. आजार आहे म्हणून टाळ्या, हे त्यांना पटेना. 

२४ ऑक्टोबर, नांदेड

पित्ताशयही काढलं. आता घरी. पोटावर चार लहान भोकं, बाटलीत आठ-नऊ खडे. दुपारी खिडकीपाशी बसतो. पंचशीलाने रजा काढलीय. भांड्यांचा आवाज ऐकत पडून राहावं, एवढंच काम आहे, आणि ते मला आवडतं.

पिशवी धुताना तिला माळ सापडली. "ही एवढी मोठी होती?"

नव्हती. हातभर लांबलीय, पिशवीतल्या पिशवीत. मी बघत बसलो. काड्या ओल्या असताना बांधलेल्या. वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. एवढंच. बाबांच्या छातीवर ती लांबत होती तेव्हाही एवढंच होत होतं.

"गुणाबाईंना सांगणार?"

"नाही. त्या उन्हात चार कोस चालल्या."

"म्हणून नाही सांगणार?"

 ती ग्रंथालयात असते, पण शिक्षक व्हायला हवी होती.

बाबांचं कोणतं पिवळं होतं, ते आता कळणार नाही. पिकल्याचं नव्हतं. एक्कावन्न म्हणजे किती कमी, ते मला आता कळतं.

१८ नोव्हेंबर

शाळा सुरू. दारातच साक्षीने मला उन्हात उभं केलं आणि पट्टी काढली. शेवाळीपासून चॉकलेटीपर्यंत काही जुळेना. शेवटी तिने पट्टीचं दुसरं टोक पुढे केलं. शेवाळीच्याही आधी एक नवा तुकडा शिवला होता. पांढऱ्याच्या अलीकडचा.

"मोतिया," ती म्हणाली.

"या रंगाचं पान कुठे असतं?"

"पानासाठी न्हाई लावला."

खड्यांची बाटली वर्गात फिरवली. रंग मेहंदी ठरला, एकमताने. हरिओमला एक खडा घरी न्यायचा होता. दिला नाही. मग फळ्यावर लिहिलं, 'तीन ऑक्टोबरला सरांनी चूक सांगितलं. पिवळा माणसाच्याही आत असतो.' मुलांनी ते मन लावून उतरवून घेतलं. माझं चुकलेलं त्यांच्या वहीत नेहमीच सुवाच्य अक्षरात उतरतं.

गुणाबाईंनी विचारलं, "माळ लांबली का?"

"लांबली."

"मग!" त्या म्हणाल्या, आणि मला बिनमिरचीची खिचडी वाढली.

हे खोटं नाही. पुरतं खरंही नाही. 

२९ नोव्हेंबर

राहवलं नाही. सोमवारी मुलांकडून तशीच एक माळ करवून घेतली, ओल्या काड्यांची, आणि वर्गातल्या खिळ्याला टांगली. भिंतीवर खडूने खूण केली. रोज नवी खूण. आज माळ वीतभर खाली आली होती. काड्या का वाळतात, गाठ का सैल पडते, ते मुलांनीच सांगितलं. मी फक्त खडू धरला होता.

गुणाबाई ताटं न्यायला आत आल्या. माळ बघितली, खुणा बघितल्या. मी वही चाळायला लागलो. 

"म्हंजे," गुणाबाई म्हणाल्या, "खिळ्याला बी कावीळ झालती म्हणा की."

वर्ग फुटला. त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. हसणं ओसरल्यावर माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "पर सर, मी गेल्ते, ते तर खरं का न्हाई?"

"ते खरं, गुणाबाई. तेवढं अगदी खरं."

"मग झालं."

१७ फेब्रुवारी

पिंपळ पिवळा झालाय. शाळेच्या पत्र्यावर रात्रभर पानं पडतात, सकाळी पोरं ती लोटून काढतात. हरिओमचं म्हणणं, आपलं झाड लेट हाय, पण विसरलेलं न्हाई.

सोमवार. साक्षी वही घेऊन निघाली, मीही मागे गेलो. लिंब अजून तग धरून होता. तिने पिंपळाचं पान उन्हात धरलं. हळदी. लिहिलं. एक पान उचलून देठाचं टोक मला दाखवलं. तिथे जखम नव्हती. स्वच्छ, बंद झालेलं तोंड होतं. "हे पिकल्याचं," ती म्हणाली, आणि पान जपून खाली ठेवलं.

वहीत आता चार रकाने आहेत. लिंब, पिंपळ, सोयाबीन, सर. सोयाबीनचा रकाना ऑक्टोबरात संपलाय. माझ्यात अठरा नोव्हेंबरपासून एकच शब्द खाली खाली उतरत आलाय, नंतर नंतर तर तिने नुसत्या 'वरचाच' अशा टिंबटिंब खुणा केल्यात.

"सर," ती म्हणाली.

मी वाकलो.